मूळ रबर

४ जानेवारी

“किळस आली की हा धंदा सोडायचा, नम्रता.” दादूकाका हे म्हणाले त्याला वीस वर्षं झाली. भंगारात मिळालेल्या एका पाणबुड्याच्या चष्म्यातून ते तेव्हा मेलेलं झुरळ काढत होते. मी हसले होते. पुढे काका गेले आणि धंदा माझ्याकडे आला. पाण्याखाली श्वास घ्यायची जुनी साधनं ओळखायची, त्यांचं वय ठरवायचं आणि ती जपून ठेवणाऱ्या हौशी लोकांना विकायची. किळस मात्र मला अजून कधी आलेली नाही.

आज दुपारी रत्नागिरीत पोचले. पालीला बस थांबली तेव्हा उभ्याउभ्याच दोन वडे खाल्ले, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. राजिवड्यात झुबेदाचाचींच्या घरी मुक्काम आहे. खिडकीतून खाडी दिसते, समोर एका होडीला निळा रंग देणं चाललंय. चाची ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण भाकरी अजून स्वतःच थापतात. त्यांचे मालक हमीदचाचा तरुणपणी जहाजावर होते. एका परदेशी पाणबुड्याकडून त्यांनी त्याचा संच घेतला, आणि इथे येऊन ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेली जाळी पाण्याखाली जाऊन कापायचं काम धरलं. त्याच कामात १९८१ साली ते गेले. तो संच ठेवलेली पेटी तेव्हापासून बंद आहे.

चाचींचा पुतण्या तहा रिक्षा चालवतो, तोच मला स्टँडवर घ्यायला आला. लोक इथून आंबे नेतात आणि ताई, तुम्ही थुंकीच्या नळ्या न्यायला आलात होय, असं म्हणून वाटभर हसत होता.

५ जानेवारी

पेटी उघडली. काय सांगू! दोन नळ्यांचा रेग्युलेटर, पन्नासच्या दशकातला, पितळी डब्यावरचा क्रमांकसुद्धा शाबूत. उजवी नळी टाकीतली हवा आणते, डावी श्वास बाहेर नेते, आणि मधोमध दातात धरायचा रबरी माउथपीस. बहुतेक वेळा हा माउथपीसच नसतो. रबर कुजतं, लोक फेकून देतात, नवीन नक्कल बसवतात. इथे मूळ रबर होतं. आतल्या कडेला साच्याची बारीक रेघ, ती नकलेत नसते. वर दातांच्या खुणा खोल उमटलेल्या, वरच्या ओळीत एका दाताची जागा मोकळी.

नळ्या कडक होऊन तडकल्यात. माउथपीस मात्र मऊ आहे, ओठासारखा. सत्तर वर्षांच्या रबराचं असं होत नाही. मी दोनदा दाबून पाहिला आणि नंतर हात साबणाने धुतले.

कोचीच्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवले. मूळ माउथपीस असेल तरच घेईन, म्हणाला.

६ जानेवारी

सकाळी चाची शेजारी येऊन बसल्या. पंख्याखालून हमीदचाचांना वर काढलं तेव्हा माउथपीस त्यांच्या दातात तसाच आवळलेला होता, आणि मयतीला आंघोळ घालणाऱ्यांनी तो मोठ्या कष्टाने सोडवला, हे त्यांनी आज सांगितलं. कुणीतरी तो परत नळीला जोडून पेटीत टाकला. चाचींच्या माहेरी सगळे पाणबुडे. त्यांच्यात अशी रीत, की पाण्यात गेलेल्याच्या तोंडातली वस्तू त्याच्याच मातीत द्यायची. ते राहून गेलं. “सगलं इक गो बाय,” त्या म्हणाल्या, “पन त्याच्या तोंडातलं तेवढं मना काढून दे. त्यात त्याचा दम ऱ्हायलाय.”

मी हो म्हटलं.

मग खोलीत जाऊन दार लावलं. माझ्या बॅगेत नकली माउथपीस असतात, गेल्या वर्षी बनवून घेतलेले. त्यातला एक दगडावर घासला, चहाच्या पाण्यात बुडवला, स्वतःच्या दातांनी चावून त्यावर खुणा केल्या. पुढचा एक दात मात्र कटाक्षाने टाळून. काम सुबक झालं. चाचींनी तो पदरात घेतला, डोळ्यांना लावला, आणि तहाकडे दिला. त्याने दुपारी तो कबरीत पुरला.

मला वाईट वाटलं. पण विक्री मोडली असती.

७ जानेवारी

नळ्या तडकलेल्या असल्या तरी पाठवण्याआधी त्यांची चाचणी करावी लागते, किती गळतात ते गिऱ्हाइकाला कळवायला. तिची रीत सोपी आहे. टाकी जोडलेली नसताना हवा यायची वाट बंद करायची, माउथपीस दातात धरायचा आणि आत ओढायचं. काहीच येता कामा नये. गाल आत ओढले गेले म्हणजे नळी चांगली.

मूळ रबर उकळत्या पाण्यातून काढलं, पुसलं, नळ्यांना जोडलं आणि तोंडात घेतलं. माझे दात आपोआप त्या खुणांमध्ये बसले. ओढलं.

हवा आली. तोंडभर आली. कोमट होती, आणि कुणाच्यातरी पोटातून आल्यासारखी ओलसर. सुक्या बांगड्याचा, न घासलेल्या दातांचा, तंबाखूचा वास. मी मोरीत जाऊन ओकले.

नळ्या तडकल्यात, तड्यांतून हवा शिरली असेल. तरी वास कुठून आला ते कळत नाही.

८ जानेवारी

घावन समोर होतं, खाववलं नाही. पीठ जिभेवर रबरासारखं लागतं. तीनदा चूळ भरली. थुंकीत वाळू येते.

चाचींनी विचारलं, पोट बिघडलं का गो, पुण्याच्या माणसांना आमचं पाणी झेपत नाही. मी हसायला तोंड उघडलं आणि त्या मागे सरकल्या. नाकाला पदर लावून मला बघत राहिल्या. मग विचारलं, तंबाखू कधीपासून खातेस?

९ जानेवारी

माउथपीस पिशवीत घालून तिचं तोंड चिकटवलं होतं. सकाळी पिशवी आतून ओली. तळाशी दोन बोटं पाणी, फेसाळ, चिकट. थुंकी. बशीत ओतली, हुंगली, आणि मग —

मी का हुंगली?

दुपारी वरचा पुढचा दात हलायला लागला.

१० जानेवारी

दात चहात पडला. दुखलं नाही. रक्तही नाही, नुसतं करडं पाणी. आरशात पाहिलं. मोकळी जागा त्याच ठिकाणी आहे.

रेग्युलेटर माउथपीससकट खोक्यात भरला, खिळे ठोकले, तहाला म्हटलं आत्ताच्या आत्ता कोचीला लाव. त्याने खोकं रिक्षात ठेवलं आणि दोन मिनिटांत परत आणलं. ताई, ह्यात काय जित्तं भरलंय, विचारलं. आतून श्वास ऐकू येतो म्हणाला. त्याचा चेहरा — नेहमीसारखा हसला नाही.

११ जानेवारी

खोकल्यातून माशाचे खवले येतात. नखाएवढे. गिळले जातात. गिळले की बरं वाटतं, हे सगळ्यात —

नाकाने श्वास जात नाही आता. शेवाळ भरल्यासारखं. बोटाने काढलं तर लांब हिरवी दोरी येत राहिली, येत राहिली —

चाचींना सांगायला हवं. दोनदा दारापर्यंत गेले. काय सांगू? तुमच्या नवऱ्याच्या कबरीत मी माझी थुंकी पुरली?

१२ जानेवारी

खोक्याचे खिळे तसेच आहेत. माउथपीस आत नाही.

जाग आली तेव्हा तो माझ्या तोंडात होता. मी घेतला नाही. शपथेवर — मी नाही —

तहाने चमचा घालून जबडा उघडायचा प्रयत्न केला. चमचा वाकला. डॉक्टरकडे चला म्हणतो. चाचींनी दारातून पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्यांनी ओळखलं. दातात असाच आवळलेला त्यांनी तेव्हा —

रबर ओठांना चिकटलंय. सुटं नाही. कडेला हात लावला तर मला दुखतं.

१३ जानेवारी

चाची, बोलता येत नाही म्हणून ह्याच वहीत लिहिते. वही तहाच्या हाती देईन.

तहाने पुरला तो खरा नव्हता. मी चावून बनवलेला. खरा हा. श्वास उजवीकडून येतो, डावीकडून जातो, नळ्या नाहीत तरी. मधला श्वास माझा नाही. दर खेपेला थोडं पाणी आत येतं. आता गळ्याशी आहे. खारट, तेलाचा तवंग असलेलं —

मला कबरस्तानात न्या. तुमच्यात बायका तिथे जात नाहीत, तुम्ही स्वतः चव्वेचाळीस वर्षांत गेला नाहीत. मी परकी, वर तुम्हाला फसवलेलं. नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी न्या. हमीदचाचांच्या मातीवर माझं तोंड टेकवा, ते सोडतील, आणि नाही सोडलं तर चाची, तुमच्या हाताने, विळीने, ओठांसकट —