लिंबाच्या झाडाची खुशाली

ती. दादा यांस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे हा कागदावरच मानून घ्यावा). भाचीकडच्या हवेने तुमचा खोकला गेला असेल, भूक लागत असेल आणि तुम्ही जावईबापूंना रोज सकाळी शिस्त शिकवत नसाल, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. तुमच्या घराची किल्ली मी गळ्यात घालून फिरते, कुंड्यांना रोज पाणी मिळतं आणि बाल्कनीतलं तुमचं लिंबाचं झाड जिवंत आहे. फोनवर तुम्ही माझ्या गुडघ्याआधी त्याचीच चौकशी करता आणि मला पुढे बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी फुलपाखरं मोजायला लागले, हे तुमच्या कानावर आलंच आहे (खेळाच्या बाईंना पळवायला आता मुलं मिळत नाहीत, हे तुमचं वाक्यही माझ्या कानावर आलं आहे). आमच्या गटाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. नियम असा, की ठरलेल्या वाटेने संथ चालायचं, समोर आणि दोन्ही बाजूंना जवळपास जे दिसेल ते मोजायचं आणि मागे राहिलेलं सोडून द्यायचं. मी जन्मभर मागे राहिलेल्यांवरच शिट्टी फुंकत आले, त्यामुळे हे जड गेलं. पहिल्या फेरीत तर अशी झपाझप चालले की सगळी फुलपाखरं मागेच राहिली. माझ्या तक्त्यात एकच उतरलं, आणि तेही नंतर चॉकलेटचा कागद निघालं. डॉक्टर कीड लागलेल्या दाढेकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहत राहिले.

आमच्या वाटेच्या शेवटी, पाण्याच्या टाकीमागे, काटेरी झुडपांचा एक पट्टा आहे. झुडपं लिंबाच्याच नात्यातली. पूर्वी तिथे काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं मोठं फुलपाखरू यायचं (डॉक्टर त्याचं शास्त्रीय नाव घेतात, पण ते भूल दिलेल्या तोंडाने बोलल्यासारखं वाटतं, म्हणून आम्ही त्याला ठिपकेवालं म्हणतो). यंदा प्रत्येक फेरीत त्याच्यापुढे शून्य. आम्ही प्रामाणिकपणे शून्य लिहीत गेलो आणि टाकीवरच्या साहेबांनी तेच आमच्या तोंडावर धरलं. तुमचं फुलपाखरू तुमच्याच कागदावर नाही, मग झुडपं कशाला हवीत, मला गाड्या लावायला जागा हवी, म्हणाले. प्रामाणिकपणा असा अंगाशी आला. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, हा पट्टा जाऊ द्यायचा नाही.

पुढच्या फेरीला जाऊन बघतो तर कापणी सुरू. मी पर्समधून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. कापणाऱ्यांपैकी दोघे माझे जुने विद्यार्थी निघाले. कोयते खाली ठेवून दोघे रांगेत उभे राहिले (एकाने तर हात पुढे करून अंतरसुद्धा घेतलं). पण तोवर अर्धी झुडपं आडवी झाली होती. पडलेल्या फांद्यांवर हिरव्यागार अळ्या होत्या (ठिपकेवाल्याच्याच, डॉक्टर म्हणाले), आणि सुकत चाललेली पानं मन लावून खात होत्या. आपलं झाड पडलं आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. खरं सांगते दादा, मला रडू आलं. आम्ही त्यांना उचलत असतानाच साहेब आले. म्हणाले, अळी काय, कशाचीही असू शकते, हिच्यातून तुमचं ठिपकेवालं निघालेलं दाखवा, मग उरलेल्या झुडपांना हात लावणार नाही, तोवर थांबतो. मी म्हटलं, दाखवते. ते हसले. कोणी हसलं म्हणून मी आजवर मैदान सोडलेलं नाही.

उरलेल्या झुडपांवर अळ्या ठेवाव्यात तर साहेबांचा भरवसा नाही, आणि पक्ष्यांचा त्याहून नाही. घरी आणून कोबी दिला, पालक दिला, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. या खादाडांना लिंबाच्या कुळातलंच पान लागतं. शेवटी एका चांगल्या घरी त्यांची सोय लावली आहे. पानं ताजी, खिडक्या बंद, मालक परगावी. तेव्हा काळजी नसावी. भाचीला आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. ते घर तुमचं आहे. झाड जिवंत आहे असं मी वर लिहिलं आहे. पानांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, हे पुन्हा वाचून पाहावं. अळ्या आता कोषात गेल्या आहेत. एक कोष तुमच्या आरामखुर्चीच्या हाताखाली आहे, एक छत्रीच्या मुठीवर आणि एक तुमच्या निरोप समारंभाच्या फोटोवर, बरोबर तुमच्या नाकाच्या वर. फवारणीची बाटली मी लपवली आहे. तुम्ही रविवारी परत येणार होता. तेवढं येऊ नका.

ता. क. पत्र टाकायला निघाले होते, वाटेत तुमच्या घरी डोकावले तर फोटोवरचा कोष तडकताना दिसला. डॉक्टरांना आणि साहेबांना बोलावून घेतलं. साहेब खुर्चीत टेकणार होते, मी ओरडून उठवलं. मग ते तुमच्या फोटोसमोर उभेच राहिले. आधी चुरगळलेली चिंधी बाहेर आली, मग हळूहळू पंख उलगडले. काळे, पिवळ्या ठिपक्यांचे. साहेबांनी वाकून ठिपके नीट पाहिले. मग हळूच म्हणाले, झुडपं राहतील. डॉक्टरांनी मात्र फुलपाखरू वाटेवर दिसलेलं नाही म्हणून मोजू दिलं नाही. तक्त्यात अजून शून्यच आहे. राहू दे.

ता. क. पत्र अजून टाकलेलं नाही, ते बरंच झालं. सगळी फुलपाखरं बाहेर पडली, मी खिडक्या उघडल्या, ती उडून गेली. काल त्यातली दोन परत आली. तुमच्या लिंबाला नवी पालवी फुटली आहे, ही आनंदाची बातमी. त्या पालवीवर अंडी आहेत. भाचीशी बोलले आहे, तुमचा मुक्काम महिनाभर वाढला आहे. जावईबापूंना शिस्त शिकवायला आता हरकत नाही.