प्राचीला काही न ठेवण्याबद्दल

मी, प्रमोदिनी श्रीराम जिंतूरकर, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाचा आता भरवसा नाही, असे परभणीच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. डोक्याचा मात्र आहे, असा दाखला त्यांनीच दिला असून तो सोबत जोडला आहे. आमच्या घरात अशा दाखल्याचे मोल फार.

माझे पती श्रीराम हयात नाहीत. मुलगा सारंग अंथरुणावर आहे. सून स्वरदा त्याचे सगळे करते. मुलगी प्राची परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीस आहे. माझ्यामागे सारंगचे कोणी करायचे, हा एकच प्रश्न मला सोडवायचा आहे. बाकीची भांडीकुंडी कोणीही न्यावीत.

कलम एक. आधी आजार समजून घ्यावा. शिकवायची सवय जात नाही, तेव्हा वाचणाऱ्याने सहन करावे. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिने सतत तयार होत असतात. आधी लांब दोरा, मग त्याची नेमकी घडी. घडी चुकली तर काही मदतनीस प्रथिने ती सुधारून पाहतात. नाहीच जमले, तर त्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चिकटवतात. म्हणजे हे मोडीत काढा, अशी खूण. मग प्रोटिअसोम नावाचे पिंपासारखे यंत्र त्याला आत ओढते, उलगडते आणि त्याचे तुकडे करते. त्या तुकड्यांतून पुन्हा नवे प्रथिन होते. मोठे गोळे असतील तर पेशी त्यांना पडद्यात गुंडाळून लयकारिका नावाच्या पाचक रसाच्या पिशवीकडे नेते, तिथे ते विरघळतात.

आमच्या घरातल्या आजाराचे नाव हंटिंग्टन. यात एका प्रथिनाचा दोरा जन्मतःच एका जागी गरजेपेक्षा लांब असतो. त्याची घडी नीट बसत नाही, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि मेंदूच्या पेशींची ही सफाई वर्षानुवर्षे मागे पडत जाते. कातडीची पेशी मेली तर नवी येते, मेंदूतली गेली ती गेलीच. आईबापांपैकी एकाला हा आजार असला, तर प्रत्येक लेकराला तो होण्याची शक्यता निम्मी असते. औषध अजून नाही.

कलम दोन. माझे दीर दिनकरराव, देवळाचे विश्वस्त, यांना मी एक तुळशीची माळ देत आहे. श्रीराम कीर्तन करत. उभे राहिले की त्यांचे खांदे उडू लागले, पाय वाकडे पडू लागले, तेव्हा दिनकररावांनी चारचौघांत निकाल दिला, “दादा प्यायलाय.” आणि दारू सुटावी म्हणून त्यांच्या गळ्यात ही माळ घातली. माझ्या नवऱ्याने जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. माळ घातल्यावरही अंग थांबेना, तेव्हा लोक म्हणाले, माळ घालूनही पितो. याच बदनामीत ते गेले. खरे नाव आम्हांला कळले ते पुढे, सारंगच्या रक्ताच्या तपासणीतून. दिनकररावांनी माळ न्यावी. क्षमा मागायला येऊ नये, मी घरी नसेन.

कलम तीन. सारंगचा पखवाज. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात आणि वाजवून झाले की खरवडून काढतात. राहिली तर वाळते आणि कातडे खराब होते. पेशीची सफाई शिकवताना मी वर्गात हेच उदाहरण देत असे. सारंगचा हात ठेक्यावरून घसरू लागला, तपासणीचा कागद आला, तेव्हा मी त्यालाही असेच समजावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हसून विचारले, “आई, माझ्या डोक्यात वाळायलेली कणीक कोण खरवडायचं गं?” पखवाज त्याच्या उशाशीच राहील. दिनकररावांच्या देवळात तो जाणार नाही.

कलम चार. माझा सूक्ष्मदर्शक आणि हाताने काढलेले तक्ते मी शिकवत असे त्या कॉलेजला. “मॅडम, हे परीक्षेला येणार का?” असे पोरे विचारतील. येत नसले तरी शिकवावे, ही अट.

कलम पाच. माझ्या स्वकष्टाचे राहते घर आणि पोस्टातली ठेव मी सून स्वरदा हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. कसलीही अट नाही. उद्या तिला दुसरे लग्न करावेसे वाटले, सारंगला एखाद्या चांगल्या शुश्रूषागृहात ठेवावेसे वाटले, तरी घर तिचेच. कोणी तिला नावे ठेवू नयेत. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मला घर नको, आई. मनात आलं तर जाता येतंय, एवढं ठाऊक असू द्या. मग मी जायची नाही.” सारंगला पातळ पाणी देऊ नये, ठसका लागतो. पेज घट्ट करावी. त्याच्या भोवती भिंतींना गाद्या लावल्या आहेत, त्या काढू नयेत. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कलम सहा. माझी मुलगी प्राची हिला मी काहीही देत नाही. दागिने तिला आधीच हाताने दिले आहेत. सारंगची जबाबदारीही तिला देत नाही. यावर ती भांडली.

“माझा भाऊ आहे तो. मी करते ना त्याचं. तू उगं स्वरदाला कशाला अडकवायलीस?”

“तू नाही करायचं.”

“का पण?”

तोंडाने सांगवले नाही, म्हणून इथे लिहिते. प्राची, त्याला घास भरवताना तू त्याच्याकडे बघणार नाहीस. चमचा धरलेल्या स्वतःच्या हाताकडे बघशील, रोज, दोन्ही वेळा. तू तपासणी केलेली नाहीस. करायची की नाही हे तू ठरव. कोणी तुला विचारू नये, अगदी लग्नाच्या बैठकीतही. सांगायचेच झाले तर तुझे तू सांगशील. मी जेवताना तुझ्या हातांकडे बघते हे तुला कळते. तू हात ओढणीखाली घेतेस. मला माफ कर, बाळा, मला दुसरीकडे बघताच येत नाही. मी गेले की तुझ्याकडे असे बघणारे एक माणूस कमी होईल. तुझ्यासाठी माझ्याकडे एवढेच आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे सहकारी, भौतिकशास्त्राचे शिक्षक श्री. धम्मानंद वाव्हळे करतील. प्राचीला यातून काहीच मिळत नसल्याने ती साक्षीदार होऊ शकते, असे वकिलांनी सांगितले. तिने स्वतःहून मागितले, म्हणून तिची साक्ष घेतली.

लिहून देणार: प्रमोदिनी श्रीराम जिंतूरकर (सही)

साक्षीदार एक: धम्मानंद वाव्हळे (सही)

साक्षीदार दोन: प्राची श्रीराम जिंतूरकर (सही)

स्थळ: गंगाखेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

ता. क. साक्षीदार दोनच्या सहीतून एक रेघ निसटून खाली गावाच्या नावापर्यंत गेली आहे. सही करताना प्राची रडत होती. रडताना कोणाचाही हात हलतो. याला दुसरे काहीही कारण नाही, आणि कोणी शोधू नये. मीही शोधणार नाही.

प्र. श्री. जिंतूरकर