देवमाशाच्या चित्राखालची कोरी जागा

हार्लेम, १२ मार्च १५९६

प्रिय योस्टदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही बरे आहोत. यंदा हेरिंग मासळी फार खारट निघालीय. बाबांचा खोकला उतरलाय.

आपल्या किनाऱ्याला देवमासा लागला होता. बाबा कागद घेऊन निघाले, मीही गेले. लांबून मला ते उलटलेलं गलबत वाटलं. जवळ गेलो, तर ते श्वास घेत होतं. दादा, बाबांनी छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले सिंह-हत्ती आपण लहानपणापासून पाहिले, सगळे तळहाताएवढे. इथे माणसं त्याच्या जबड्यापाशी बुटकी दिसत होती. त्याने श्वास सोडला की पायाखालची वाळू थरथरायची.

लोक अपशकुन मानत होते; कोणी म्हणे साथ येणार, कोणी म्हणे समुद्राचा बांध फुटणार. बाबांनी टोपी काढली आणि त्याच्या अंगावर हात ठेवला.

"गरम आहे गं," एवढंच म्हणाले.

त्याचा डोळा आमच्याकडे होता, गाईच्या डोळ्याएवढाच. संध्याकाळी तो मिटला नाही, फक्त बघायचा थांबला. मला तिथून हलवेना.

बाबांचा पत्रा कोरून झाला तेव्हा पुस्तकवाले फ्लोरिस आले.

"झकास. आता खाली चार ओळी टाका. दक्षिणेचा राक्षस आमच्या वाळूत मेला. लोकांच्या उड्या पडतील."

"दक्षिणेत माझा मुलगा राहतो."

"लढाई चालू असताना शत्रूच्या गावात, अँटवर्पला राहतो, हुयबर्ट. मला मुलगाच नाही, असं तुम्हीच सांगत होतात."

"सांगत होतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी पत्रा फडक्यात गुंडाळला. "तो मासा कशाला आला ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. ओळी नकोत."

फ्लोरिसनी दुसऱ्याकडून चित्र करून घेतलं, ओळींसकट. इथे दारोदार तेच चिकटवलंय. ते अँटवर्पला पोचेल आणि तू ते बाबांचं समजशील, या भीतीने लिहायला बसले. आपलं चित्र सोबत आहे. खालची जागा चुकून कोरी राहिलेली नाही.

आणखी एक. शेपटीकडचा भाग मी कोरलाय. बाबांचा डावा डोळा गेला, उजव्याने धूसर दिसतं. कोणाला सांगू नकोस म्हणाले होते.

काल जेवताना त्यांनी विचारलं, "योस्टला मुलं किती?" इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला आकडा ठाऊक नव्हता. मुलांची नावं लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. जमलं तर मुलांनाच घेऊन ये. बाबांना अजून चेहरे ओळखू येतात.

तुझी वाट बघणारी,
माख्टेल्ड