तू ज्याला गिचमीड म्हणालास

सोमवार, २४ मार्च २०२५
सकाळी सव्वानऊ

चि. खटपट्यास,

आईचा आशीर्वाद. सूनबाईंनाही कळव. मी बरी आहे. गुडघा आपल्या जागी आहे आणि दुखणं गुडघ्याच्या जागी आहे.

रविवार, ९ मार्च रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू तुझ्या बाबांचा कॉम्प्युटर पुसलास. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमच्याकडून अपराध असाच लिहून घ्यायच्या, तारीख-वेळ घालून, पूर्ण वाक्यात. ती सवय गेली नाही. मी चहा गाळत होते आणि घड्याळ समोर होतं. तू आतून ओरडलास, "आई, झालं! आता बघ कसा पळतो!"

पळाला खरा. सगळं घेऊन पळाला.

त्यात घातलेली तुझी ती पेंग्विनवाली लिनक्स सिस्टीम चांगली असेल. त्याआधी तू तुझा सफरचंदाचा लॅपटॉप माझ्या गळ्यात मारलास, तोही चांगलाच होता. फक्त त्याची प्रत्येक कळ मला हवी तिथून एक घर सरकलेली होती. एकतीस वर्षं मी टायपिंग शिकवलं. माझ्या बोटांनी किती घरं बदलायची या वयात?

त्या जुन्या डब्याची तू टिंगल करायचास. सुरू होताना उजव्या कुशीत एक चापट मारावी लागे. पडद्याची वायर खाली सरकू नये म्हणून पुठ्ठ्याची घडी खोचलेली होती. आतला तो बटणाएवढा सेल संपला होता, म्हणून बंद केला की तो तारीख विसरायचा आणि दर सकाळी स्वतःला २००३ सालात समजायचा. मग तारीख विचारायचा. बाबा उत्तर न देता पहिली कळ दाबून पुढे जायचे.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला, तेव्हा तू पांढरा फळा आणि तीन रंगांची पेनं आणून दिलीस. ती त्यांनी चार दिवस वापरली. पाचव्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "याच्यावर लिहिलं की मला शाळेतला मास्तर झाल्यासारखं वाटतं," आणि जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले. ते माझेच विद्यार्थी, हे तू विसरलास. लग्नाआधी माझ्याच वर्गात टायपिंग शिकले, तेही भिकार. पण मराठीच्या त्या जुन्या फॉन्टवर त्यांची बोटं चालत. ते टाइप करायचे, मी खुर्चीमागे उभी राहून वाचायची आणि तोंडाने उत्तर द्यायची. दीड वर्ष आमचा संसार असा चालला. रोजची एक फाइल. त्यात फक्त त्यांची वाक्यं, माझी हवेत गेली. एकदा लिहिलं होतं, "या यंत्राच्या मते मी अजून निवृत्तही झालो नाही. माझा घसा ठणठणीत आहे. तुझा आवाज मात्र तेव्हाही असाच होता."

पुसण्याआधी तू त्या फाइलींचं फोल्डर उघडलंस. सगळ्या फाइलींवर तारीख २००३ ची. तुझ्या नव्या सिस्टीमच्या लॅपटॉपला त्या डब्यातली डिस्क लावून एक फाइल उघडलीस, तिथे तो फॉन्ट नाही, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. तू म्हणालास, "वीस वर्षांपूर्वीचा कुजलेला कचरा." तुझ्या जागी कोणीही हेच म्हटलं असतं. हे लिहायला मला पंधरा दिवस लागले, तेव्हा नीट वाच.

आणि तू विचारलं होतंस. तेही मान्य करते. "आई, ह्यात तुझं काही आहे का? पुसू?" मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "माझं काही नाही त्यात. डोकं खाऊ नकोस." माझं नव्हतंच. पण ते तुला कसं कळणार? मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, त्याच्यावर नवीन लिहिलं गेलंय. आशा ठेवू नका." त्याने चहाही घेतला नाही, इतकं त्याला माझं तोंड पाहवेना.

आता उरलेलं. बाबांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी टेबलावर पट्टी दोनदा आपटली. म्हणजे, ये, वाच. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "सकाळी वाचते. दिवसभर तुमचं वाचूनच डोळे गेलेत माझे." त्यांनी पुन्हा पट्टी आपटली नाही. फाइल ठेवून दिली आणि झोपायला गेले. सकाळी शुद्धीवर नव्हते, आणि दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

ती फाइल मी उघडली नाही. अकरा महिने मी रोज चापट मारून कॉम्प्युटर सुरू करायचे, पहिली कळ दाबायचे, यादीत ती शेवटची फाइल आहे ना ते बघायचे आणि बंद करायचे. न वाचलेली होती तोवर त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "अगं, मग वाच की!" म्हणून नाही सांगितलं.

परवा फोनवर मी तुला नको ते बोलले आणि ठेवून दिला. ठेवता ठेवता तू म्हणालास, "अगं, नुसती गिचमीड होती, मी फोटोसुद्धा काढला ग्रुपवर टाकायला." ते वाक्य काल भांडी पुसताना मला ऐकू आलं.

खटपट्या, ती गिचमीड नाही. कुठल्या इंग्रजी कळीवर आमचं कुठलं अक्षर बसतं, ते मला झोपेतून उठवून विचार. फॉन्ट नसला तरी मी वाचेन. कंस, टिंब, उद्गारचिन्ह, एकही सोडणार नाही.

फोटो कुठल्या फाइलचा आहे, मला माहीत नाही. एखाद्या साध्या मंगळवारचा असेल, दूध नासल्याबद्दलचा असेल. तू यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवतोस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे. म्हणून मला भीती वाटते. म्हणूनच आशाही वाटते.

तो फोटो शोध. मोठ्या कागदावर छापून घे आणि पाकिटात घालून पाठव. फोनवर पाठवू नकोस, आणि कुणाकडून उलगडून घेऊ नकोस. सोबत स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही. माफी नको. फोटो आहे की पुसलास, एवढंच, पूर्ण वाक्यात. सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत ते उत्तर माझ्या हातात हवं. पाचनंतर मी दाराशी उभी राहणार नाही, असं लिहिणार होते. उभी राहीन.

तेव्हा "सकाळी वाचते" म्हणालेली,
तुझी आई