एक्स-रे खोलीतला पाचवा महिना

५ फेब्रुवारी १९८३, लातूर
आले बाई एकदाची! नवा जिल्हा, नवा दवाखाना, आणि एक्स-रे खोलीवर मी, किनवटची सिंधू. तिसरा महिना लागलाय, पण इथं सांगितलं न्हाई; नोकरी अजून कच्ची आहे. माझे वरिष्ठ अण्णाराव पुढल्या वर्षी रिटायर होणार. देवमाणूस, पण नखं काळी, तडकलेली. मी बघून राहिले तसा त्यांनी हसत हात खिशात घातला.

२० फेब्रुवारी
दुष्काळानं कामाची रीतच पालटली. फिल्म धुवायला पाणी न्हाई, म्हणून फिल्म बंद. अंधारात पायानं खटका दाबून धरायचा, तोवर मशीन चालतं; तेवढ्यात छाती थेट पडद्यावर बघायची. रोज चाळीस माणसं. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन एकच, तोही चिरलेला.

१४ मार्च
अण्णारावांना खरं सांगितलं. तोंडच उतरलं त्यांचं. म्हणाले, म्हाताऱ्याच्या पेशी सावकाश वाढतात, किरणांचा मार वर्षांनी दिसतो. मग भरून मात्र येत न्हाई, ही माझी बोटं बघ. कोवळ्या जिवात पेशी घडीघडीला दुणावतात, तिथं मार लगेच बसतो. पोटातलं तर सगळ्यात कोवळं. मी सुट्टी मागितली, तर दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, दुसरा माणूस येईस्तोवर सुट्टी न्हाई. गेलात तर परत येऊ नका. आग लागो त्या नोकरीला! पण आमच्या घरात तेवढी एकच आहे.

१२ एप्रिल
बाळ हललं! मी लई रडले.

२० एप्रिल
चार दिवस हालचाल न्हाई. सुईण म्हणते, थांब. थांबू कशी? जेवणाच्या सुट्टीत आतून कडी लावली. समोर आरसा टेकवून पोट पडद्यामागं धरलं. बाळाचा मणका दिसला, मेथीचे दाणे ओळीनं मांडल्यागत. हलला का, कळेना. अगं बाई, मी काय केलं हे? ज्याची भीती, त्यानंच तपासलं!

२१ एप्रिल
पुन्हा बघितलं. हललं — बहुतेक. पण कालच्या बघण्यानं काही झालं असलं तर? ते कळायला परत बघावं लागतं —

२२ एप्रिल
तीनदा. अण्णारावांनी किल्ली मागितली. दिली न्हाई.

२३ एप्रिल
अण्णाराव दार बडवून राहिलेत. पोरी, पाय काढ म्हणून रडून राहिलेत. कळतंय मला. सगळं कळतंय. पडद्याच्या हिरव्या उजेडात लिहून राहिले. खटक्यावरून पाय निघत न्हाई — हलत न्हाई ते — न्हाई, हात हलला — का माझाच श्वास — श्वास धरून बघते, हललं की लगेच पाय का—