लिमिंग्टनची भोरडी

॥ श्री ॥

लिमिंग्टन, हॅम्पशायर
२ जून २००२

सौ. कुमुदताई यांस,
सुप्रभाचा स. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘बरं आहे’ म्हणते, कारण इथला फोन जिन्याखाली आहे आणि वर निवेदिताला शब्द न् शब्द ऐकू जातो. म्हणून हे पत्र. पहिलं बाळंतपण माहेरचं. व्याह्यांच्या आजारपणामुळे तुम्हाला येता येईना आणि तुमच्या हक्काच्या जागी मी निघाले, याचा राग तुमच्या मनात असणार. असू द्या, विहिणी आहोत आपण. पण नात मार्चमध्येच, सातव्या महिन्यात, श्वास न घेताच जन्मली. तिकीट आधीच काढलेलं, म्हणून मी एप्रिलमध्ये आले. डिंकाचे नि अळिवाचे डबे अजून बांधलेलेच आहेत.

खरं सांगायचं तर तुमची पोर जिना उतरत नाही. माझा यतीन सकाळी गाडी काढून साउथॅम्प्टनच्या हॉस्पिटलात कामावर जातो, संध्याकाळी परततो. इथे हल्ली दहापर्यंत उजेड असतो. त्या न संपणाऱ्या उजेडात आम्ही जेवतो आणि मधल्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मीही नाही. मला भीती वाटते, ताई. अशीच विरघळून जाईल की काय ही मुलगी, असं वाटतं.

आता एक गंमत ऐका. परवा पहाटे समुद्रावरून धुकं आलं. बाग दिसेना, कुंपण दिसेना, नुसती बंदरातल्या होड्यांच्या दोऱ्यांची किणकिण येत होती. मी चहा घेऊन मागच्या दारात उभी, आणि चेरीच्या झाडावर एक गुलाबी पक्षी. डोकं काळं, पंख काळे, मागे शेंडी, आणि बाकी अंग थेट आपल्या साखरगाठीसारखं गुलाबी. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे. तेवढ्यात शेजारचे मिस्टर पेनी कुंपणाशी आले. त्यांनी दुर्बीण लावली ती बराच वेळ खाली घेतलीच नाही. मग ते माझ्याशी पुष्कळ बोलले. मला ओ की ठो कळलं नाही. म्हातारा माणूस, इतक्या अजीजीने विचारतोय, म्हणून मी दर वाक्याला हसून ‘येस, येस’ म्हणत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी वीसेक माणसं! तिकाटण्यांवर दुर्बिणी, गळ्यात थर्मास, आणि सगळे देवळात असल्यासारखे गप्प. माझ्या ‘येस’चा अर्थ, माझ्या बागेत कुणीही यावं, असा झाला होता. पक्षी या भागात क्वचित दिसणारा, म्हणून लांबलांबून गाड्या आलेल्या. माझी तर पाचावर धारण बसली. मी जिन्याखालून हाक मारली, की निवेदिता, बाई, खाली ये, मला यांच्याशी बोलता येत नाही.

ती आली. अंगावर शाल, केस तसेच. दारात उभी राहून तिने त्यांना आत घेतलं, कुठे उभं राहायचं ते दाखवलं, आणि मला म्हणाली की इतक्या लोकांना चहा लागेल. इतक्या दिवसांत तिने आपणहून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग पुन्हा वर गेली. पण आज सकाळी परत उतरली. आता माझं सगळं चित्त त्या पाखरात आहे. ते उडालं तर?

व्याह्यांच्या हाताची हालचाल कशी आहे ते कळवा. रागासकट लोभ असू द्या.

आपली,
सुप्रभा

---

हिंगणघाट, जि. वर्धा
१३ जून २००२

श्रीमती सुप्रभाताई यांस,
कुमुदिनीचा स. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग, खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. अहो, ती भोरडी! हिवाळ्यात आमच्या ज्वारीवर हजारोंनी उतरते, कणीस म्हणून ठेवत नाही. आम्ही डबे बडवून हाकलतो, आणि तुम्ही तिच्या दर्शनाला आलेल्यांना चहा पाजता. यांना वाचून दाखवलं तर आजारपणानंतर पहिल्यांदा मनापासून हसले. उजवा हात अजून उचलत नाही, पण बोलणं सुधारतंय. फाल्गुनात हीच भोरडी पळसाच्या फुलांत चोच बुडवून बसते, तेव्हा मात्र तिला कुणी हाकलत नाही. मनुका भिजवून ठेवा, राहील चार दिवस जास्त.

राग आहेच, लपवत नाही. तिच्या उशाशी मी असायला हवी होते. पण आता माझं एक काम करा. तुम्ही सगळे तिला जपता म्हणून गप्प आहात. तिला वाटत असेल की आपलं लेकरू कुणाच्या लेखी जन्मलंच नाही. आमच्याकडे असं झालं की बायका येऊन बसतात, कशी दिसत होती, कुणावर गेली होती विचारतात, आणि सगळ्या मिळून रडतात. तुम्ही तिला विचारा. मला फोनवर विचारता येत नाही, मलाच रडू फुटतं.

पाखरू आज ना उद्या जायचंच. त्याच्या भरवशावर राहू नका. तुम्ही आहात म्हणून इथे मला झोप लागते, हेही लिहून ठेवते. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कुमुदिनी

---

लिमिंग्टन
२६ जून २००२

ती. सौ. आईस,
निवूचा शि. सा. न.

किती दिवसांनी हातात पेन धरलंय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी यतीनच्या आई माझ्या खोलीत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि पत्र मोठ्याने वाचायला लागल्या. ‘तुम्ही तिला विचारा’ इथपर्यंत आल्या आणि त्यांना पुढे वाचता येईना. मग उरलेलं मी वाचलं. आम्ही दोघी खूप रडलो, आई. यतीन हॉस्पिटलमधून आला तर स्वयंपाक नाही, काही नाही. तो दारातच बसला आणि तोही रडला.

भोरडी गेल्या गुरुवारी गेली. मनुका तशाच राहिल्या. त्या सकाळीही धुकं होतं. माणसं थोडा वेळ थांबली आणि एकेक करून पांगली. मिस्टर पेनी तेवढे उरले. तो सगळा पांढरा उजेड, त्यात चेरीचं रिकामं झाड, आणि मला वाटत होतं की आता वर जावं आणि दार लावून घ्यावं. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, मुलं आहेत का. मी नेहमी नाही म्हणते. त्या दिवशी म्हटलं, “एक मुलगी झाली. मार्चमध्ये. ती जगली नाही.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, तिचं नाव काय.

हॉस्पिटलात हेच विचारलं होतं, तेव्हा मला त्रास नको म्हणून यतीनने घाईने ‘नाव नाही’ असं सांगितलं होतं. पण नाव होतं. मी मनात ठेवलं होतं, कुणालाच बोलले नव्हते. मी सांगितलं. त्यांनी ते हळूच, अगदी बरोबर, एकदा म्हणून पाहिलं आणि घरी गेले. मी आत येऊन आईंना सांगितलं, संध्याकाळी यतीनला.

आता तुला सांगते. केस भरपूर होते. हनुवटी तुझी. तिचं नाव शरयू.

बाबांनाही सांग. कानात नको, मोठ्याने सांग.

माझी आठवण काढतेस तशी तिचीही काढत जा.

तुझी,
निवू