कंसातली गोष्ट

ती. बाबा,

माझं बाहेरचं प्रकरण उघड झालं, तेव्हा हे मला घरातून काढायला निघाले होते. तुम्ही बायबलमधल्या शुभवर्तमानातली व्यभिचारी बाईची गोष्ट वाचून म्हणालात, “प्रभूनेच तिला दोषी ठरवलं नाही, मग आपण कोण?” म्हणून मी आजही या घरात आहे.

काल छापखान्यात बायबलच्या नव्या आवृत्तीची प्रूफं तपासताना ती गोष्ट कंसात दिसली. खाली टीप होती: ‘सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा मजकूर नाही.’ म्हणजे ती गोष्ट मागाहून कुणीतरी घातलेली असावी.

“टीप काढू या का?” मी संपादकांना विचारलं.

“खरी आहे ना? मग राहू द्या.”

मी प्रूफांवर सही केली.

पहिली प्रत तुम्हालाच येईल. टीप बारीक टाइपात आहे, कदाचित तुमच्या नजरेतून सुटेल. हे पत्र दिलं, तर सुटणार नाही.

घाबरलेली,
तुमची सून